दागिन्यांच्या शूटला मॉडेल घ्यायचीय, 'युसेज'चे वेगळे पैसे हे काय प्रकरण आहे?

गुजरीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गुजरीत आमचं दुकान आहे, साज, ठुशी, चिंचपेटी, बुगडी असा पारंपरिक माल. आजवर स्टँडवर लावूनच फोटो काढले पण यंदा दिवाळीला मॉडेल घेऊया म्हणून धाकटा भाऊ मागं लागलाय. मुंबईच्या एका कोऑर्डिनेटरनं (मॉडेल मिळवून देणारा) एका मुलीचे दिवसाचे 18 हजार सांगितले, आम्ही हो म्हणणार तेवढ्यात म्हणतो हे फक्त डिजिटलचे, तेपण 6 महिन्यांचे, होर्डिंग वेगळं. आता दिवसाचे पैसे दिले की फोटो आमचेच ना? परत कसले पैसे? आणि एका रीलमध्ये 7-8 वर्षांची मुलगी पण हवीय, त्याला काही लागतं का?

आरामनगर_कट्टा:
दादा तो फसवत नाहीये, सगळीकडं असंच चालतं. 'युसेज' म्हणजे फोटो वापरायचे पैसे, चेहरा भाड्यानं घेतल्यासारखं आहे हे, कुठं लावणार, किती महिने आणि कुठल्या भागात यावर रेट ठरतो. त्यामुळं घासाघीस तिथंच करा. तुमचं गिऱ्हाईक कोल्हापूर सांगली साताऱ्याचं असेल तर ऑल इंडिया राइट्स घेऊन काय करणार, तीन जिल्ह्यांपुरतं होर्डिंग मागा, आकडा खाली येईल. दुसरं म्हणजे तीच मुलगी पुढच्या महिन्यात शेजारच्या पेढीच्या बोर्डावर दिसली तर चालेल का? नसेल तर एक्सक्लुझिव्हिटी लिहून घ्या, पण तेवढे महिने तिचं ज्वेलरीचं काम बंद राहणार म्हणून त्याचे पैसे पडतील. आणि 18 मध्ये काय काय धरलंय ते विचारा, कोऑर्डिनेटरचं कमिशन, जीएसटी, येणंजाणं, हॉटेल, शिफ्ट 8 तासांची का 12 ची. मेकअप-हेअरवाली बहुतेक तुमच्याकडंच लागणार.

नथवाली:
मी स्वतः ज्वेलरी शूट करते म्हणून सांगते, पोर्टफोलिओ बघून मॉडेल ठरवू नका, त्यातले फोटो घासूनपुसून ठेवलेले असतात. बिनमेकअपचे साधे फोटो मागवा, केस वर बांधून मान समोरून आणि दोन्ही बाजूंनी, कान, हाताची दोन्ही बाजू. ठुशी-चिंचपेटीला मान लांब लागते, चेहरा कितीही छान असला तरी आखूड मानेवर साज चढवला की सगळं चेपल्यासारखं दिसतं. नाक टोचलेल्या मुली कमीच मिळतात, बुगडीचं वरचं भोक तर फारच कमी जणींना, तेव्हा नथ नि बुगडी दोन्ही चापाच्या तयार ठेवा, सेटवर ऐनवेळी शोधत बसाल. जड माल आधी घातला की मानेवर वळ उठतात, म्हणून नाजूक दागिने सकाळी काढून घ्या. आणि प्लीज पेमेंट वेळेवर करा हो दादा, मुंबईत 90 दिवस थांबायची सवय लावलीय आम्हाला!!

लेन्सवाला_पुणे:
एक गोष्ट राहिली. फोटोचा कॉपीराइट आणि मॉडेलची परवानगी या दोन वेगळ्या भानगडी आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे फोटोग्राफरकडून तुम्ही मोकळे. पण म्हणून तिचा चेहरा कायमचा तुमचा झाला असं नाही, त्यासाठी रिलीज फॉर्मवर, म्हणजे फोटो वापरायच्या लेखी परवानगीवर, तिची स्वतःची सही घ्या, कोऑर्डिनेटरची नको. काही पोरं ते एआयनं चेहरा बदलून दुसऱ्या दागिन्यांवर बसवतात, तसं करणार असाल तर तेही फॉर्मात आलं पाहिजे.
लहान मुलीचं जरा नीट बघा. 2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणं असल्या शूटला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात 5 तासांच्या वर नाही, सलग 3 तासांच्या वर नाही आणि तिच्या पैशातले किमान 20 टक्के तिच्या नावानं बँकेत एफडी. सही आईवडलांची.

गुजरीकर:
बापरे, मुलीचं आम्ही एवढं धरलंच नव्हतं, भाचीलाच उभं करणार होतो. नथवाली ताई, मानेचे फोटो मागवले लगेच. हा करार 100 च्या स्टॅम्पवर चालेल का?

लेन्सवाला_पुणे:
100 वर आता भागत नाही, महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो. आणि परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, दिवाळीच्या तोंडावर साहेब जागेवर सापडत नाहीत.