स्वतःचे नाव विसरलेली व्यक्ती सोंग करत असते का?

प्रश्न

माझी मोठी बहीण गेल्या महिन्यात सकाळी नेहमीसारखी कामावर जायला निघाली आणि कामावर पोहोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एका दूरच्या रेल्वे स्थानकावर बाकावर बसलेली सापडली. तिला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते आणि आम्हाला पाहूनही तिच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटली नाही. एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख), रक्ताच्या तपासण्या यांत काही दोष आढळला नाही. मनोविकारतज्ज्ञांनी ‘डिसोसिएटिव्ह ॲम्नेशिया’, म्हणजे वियोजनजन्य स्मृतिलोप (मनावरच्या असह्य ताणामुळे आठवणी जाणिवेपासून तुटणे), असे निदान केले. चार दिवसांत तिला नाव, घर आणि आम्ही सगळे आठवलो. मात्र ते दोन दिवस आणि त्याआधीचे सुमारे तीन आठवडे अजून कोरेच आहेत. त्याच तीन आठवड्यांत तिच्यावर कामाच्या ठिकाणी पैशांच्या अफरातफरीचा आळ आला होता आणि त्याची चौकशी अजून चालू आहे.

नातेवाइकांपैकी काही जण हे सोंग आहे असे उघड म्हणतात. त्यांचा पुरावा असा, की पोलिसांनी फोन हातात दिल्यावर ‘मला हा उघडता येत नाही’ असे ती म्हणत असतानाच तिच्या अंगठ्याने पडद्यावरची रेघ बिनचूक ओढली आणि फोन उघडला. हे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे मलाही उत्तर सुचत नाही. असे खरोखर घडू शकते का? आणि कोऱ्या राहिलेल्या दिवसांसाठी संमोहनाचा उपयोग होईल का?

प्रतिसाद १

मी मानसशास्त्र शिकवतो. अंगठ्याची गोष्ट सोंगाचा पुरावा ठरत नाही, कारण स्मृती ही एकच एक कोठी नव्हे. हेन्री मोलेसन या रुग्णावर अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) उपचारासाठी 1953 साली शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला लावली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे हे त्यांना एकदाही आठवले नाही. हाताची सवय आणि घटनेची आठवण या दोन गोष्टी मेंदू वेगवेगळ्या मार्गांनी सांभाळतो. आपल्या बहिणीचा अंगठा त्या पहिल्या मार्गाने चालला.

मात्र पुढची तुलना उलट दिशेने जाते. मोलेसन यांना आपले नाव आणि लहानपण ठाऊक होते. त्यांची अडचण नवे साठवण्याची होती. मेंदूच्या इजेत साधारणपणे अलीकडचे आधी जाते आणि जुने टिकते, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्येच मांडले होते. वियोजनात मात्र स्वतःची ओळख आणि भूतकाळ दाराआड जातो, आणि नवे शिकण्याची क्षमता बहुधा शाबूत असते. त्या चार दिवसांत भेटायला येणाऱ्या डॉक्टरांची नावे तिच्या लक्षात राहत होती का, हे आठवून पाहा.

घर सोडून दूर जाणे हेही यात नवीन नाही. ॲन्सेल बोर्न नावाचे अमेरिकेतील धर्मोपदेशक जानेवारी 1887 मध्ये बँकेतून पैसे काढून नाहीसे झाले आणि दुसऱ्या राज्यात ए. जे. ब्राउन या नावाने छोटे दुकान चालवू लागले. मार्चमधल्या एका सकाळी ते घाबरून जागे झाले आणि आपण कुठे आहोत असे विचारू लागले. दुकानाविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते. अशा प्रकाराला ‘फ्यूग’ म्हणतात. 2013 सालच्या डीएसएम-5 पासून (अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानाची नियमपुस्तिका) तो स्वतंत्र विकार न राहता डिसोसिएटिव्ह ॲम्नेशियाचाच एक प्रकार मानला जातो.

प्रतिसाद २

वरचे विवेचन पटले, पण एका गोष्टीविषयी सावध राहावे असे मेंदूविकार विभागात काम करणारा म्हणून सुचवतो. ‘तपासण्या निर्दोष आल्या, म्हणजे कारण मानसिक’ हा निष्कर्ष बरोबर नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी अपस्माराच्या रुग्णातही निर्दोष येऊ शकतो. झोपेच्या काही गोळ्या, मद्य, रक्तातली साखर उतरणे, डोक्याला लागलेला मार, या सगळ्यांनी काही तास कोरे जाऊ शकतात. ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया (काही तासांपुरता स्मृतिलोप) नावाचा आणखी एक प्रकार आहे, पण तो बहुतेकदा पन्नाशीनंतर होतो, चोवीस तासांच्या आत ओसरतो, आणि त्यातला रुग्ण दर काही मिनिटांनी ‘मी इथे कसा आलो?’ हाच प्रश्न विचारत राहतो. ‘मी कोण?’ असे तो विचारत नाही. स्वतःचे नाव जाणे हे चित्र मेंदूविकाराशी सहसा जुळत नाही, तेव्हा निदान योग्य वाटते. तरी पुन्हा असा प्रसंग घडला, तर अपस्माराचा विचार नव्याने व्हायला हवा.

प्रतिसाद ३

सोंगाची शक्यता पूर्णपणे खोडून काढणारी चाचणी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. पण चौकशीमुळे तिला विसरण्यात फायदा आहे, म्हणून ती विसरल्याचे नाटक करते, हा तर्क लंगडा आहे, कारण असह्य कोंडी हेच तर या विकाराचे नेहमीचे निमित्त असते. ज्या गोष्टीमुळे संशय घेतला जातो, तीच आजाराचे कारणही असू शकते.

संमोहनाबाबत मात्र माझे मत ठाम आहे: चौकशी चालू असताना त्या वाटेला जाऊ नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी बोर्न यांना 1890 मध्ये संमोहित केले, तेव्हा ते ब्राउन म्हणून बोलले खरे. पण दोन्ही आठवणींचा सांधा काही जुळला नाही. शिवाय संमोहनात माणूस सुचवलेले सहज स्वीकारतो. स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात वाहनांच्या टकरीची चित्रफीत पाहिलेल्या 50 जणांना ‘मोटारी एकमेकींवर आदळून चेंदामेंदा झाला’ अशा अर्थाचा शब्द वापरून प्रश्न विचारला, आणि आठवड्याने त्यांतल्या 16 जणांना नसलेल्या फुटक्या काचा आठवल्या. सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांत हा आकडा 7 होता. एका शब्दाने एवढे होते. संमोहनातून आलेली ‘आठवण’ तिच्या विरोधात किंवा बाजूने वापरली गेली, तर खरे काय घडले हे तिला स्वतःलाही कधी कळणार नाही.

आणखी एक. विसरलेले परत येऊ लागते तो काळ जोखमीचा असतो. आठवणीबरोबर अपमान आणि निराशाही एकदम अंगावर येते आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत तिला एकटे ठेवू नका, आणि असे विचार तिने बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. डॉक्टरांची नावे तिच्या पूर्ण लक्षात राहिली होती. एका परिचारिकेच्या मुलीची परीक्षा केव्हा आहे, हेसुद्धा. एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात त्या दिवशीचे रेल्वेचे तिकीट मला सापडले. त्यावर त्या स्थानकाच्याही पुढच्या गावाचे नाव आहे आणि त्या गावात आमचे कुणीच नाही. ते तिला दाखवावे का?

प्रतिसाद १

तिकीट आधी तिच्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मग तिला एवढेच सांगा, की त्या दिवसाची एक वस्तू आपल्याजवळ आहे, आणि ती कधी पाहायची हे तिला ठरवू द्या. ती उद्या मागेल किंवा सहा महिन्यांनी मागेल. तोपर्यंत ‘तू तिकडे का निघाली होतीस?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला तिच्याकडे आज उत्तर नाही आणि आग्रह झाला तर ती एखादे उत्तर तयार करून देईल.

प्रश्नकर्ती

तिकीट पाकिटात घालून ठेवले आहे. सोमवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.