मदत हवी आहे : बीटा लायरीचा वाढता आवर्तनकाल आणि बाहेर निसटणारे वस्तुमान

नमस्कार.

अभिजितजवळचा बीटा लायरी हा ग्रहणकारी जोडतारा मी गेले दोन हंगाम नुसत्या डोळ्यांनी पाहत आहे. स्वरमंडळ डोक्यावर येते ते नेमके पावसाळ्यात, त्यामुळे माझ्या बहुतेक नोंदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या, तारा पश्चिमेकडे कललेला असतानाच्या आहेत. शेजारचा गॅमा लायरी तुलनेला सोयीचा पडतो. बीटा ऐन तेजात असताना जवळजवळ त्याच्याइतका दिसतो आणि मुख्य ग्रहणात 4.3 प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) मंदावतो. पहिल्या वर्षी एका जुन्या पुस्तकातील आवर्तनकाल धरून मी ग्रहणाची तारीख काढली आणि ती काही दिवसांनी चुकली. चूक आकडेमोडीत नव्हती. हा आवर्तनकाल स्थिर नाही, हेच मला ठाऊक नव्हते.

जॉन गुडरिक यांनी 1784 साली या ताऱ्याचे बदलते तेज नोंदवले. आज आवर्तनकाल 12.94 दिवसांचा असून तो दर वर्षी सुमारे 19 सेकंदांनी वाढतो. दोन-अडीच शतकांत ही वाढ जेमतेम सव्वा तासाची होते, पण प्रत्येक फेरीचा उशीर पुढच्या फेरीत साठत जात असल्यामुळे गुडरिक यांच्या काळचा आवर्तनकाल तसाच पुढे मोजत नेला तर आजच्या ग्रहणाची वेळ सुमारे सहा महिन्यांनी चुकते.

कारण वाचले ते असे, की सुमारे 3 सौरवस्तुमानाचा फुगलेला तारा आपला रोश लोब (ताऱ्याचे गुरुत्व आपले द्रव्य धरून ठेवू शकते ती सीमा) भरून सांडतो आहे आणि ते द्रव्य सुमारे 13 सौरवस्तुमानाच्या जोडीदाराकडे जाते आहे. एकूण वस्तुमान आणि कोनीय संवेग (परिभ्रमणाचा जोर; वस्तुमान, वेग आणि केंद्रापासूनचे अंतर यांवर ठरणारा) दोन्ही जोडीतच राहतात असे मानले, तर आवर्तनकाल दोन वस्तुमानांच्या गुणाकाराच्या घनाशी व्यस्त प्रमाणात बदलतो. 2.9 आणि 13 हे आकडे घालून मला दर वर्षी सुमारे 0.000021 सौरवस्तुमान, म्हणजे वर्षाला सात पृथ्व्यांइतके द्रव्य, असे उत्तर मिळाले.

माझी अडचण यापुढची आहे. याच ताऱ्याभोवती कक्षेच्या प्रतलाला लंब दिशेने झोत बाहेर पडताना आढळले आहेत, म्हणजे सगळे द्रव्य जोडीत राहत नाही हे उघड आहे. मग वस्तुमान टिकते असे मानून काढलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवावा? शिवाय वजनदार तारा लवकर म्हातारा होतो हा नियम असताना येथे हलका ताराच आधी फुगलेला कसा, आणि 13 सौरवस्तुमानाचा तारा वर्णपटात जवळजवळ दिसतच नाही तो का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद :

आपले गणित बरोबर आहे. आधी सोपा भाग घेतो. आज हलका असलेला तारा मूळचा वजनदार होता, म्हणून तोच आधी फुगला आणि बहुतेक वस्तुमान देऊन बसला; अल्गोल या दुसऱ्या ग्रहणकारी जोडताऱ्याच्या बाबतीत पडलेले हेच कोडे याच रीतीने सुटले. आपलेच सूत्र मागे नेऊन पाहा. दोघांची वस्तुमाने समान, म्हणजे प्रत्येकी सुमारे आठ सौरवस्तुमाने असताना आवर्तनकाल पावणेतीन दिवसांचा येतो. वजनदार तारा हलक्याला देत होता तोवर कक्षा आवळत गेली, समानता ओलांडल्यावर ती सैल होऊ लागली, आणि आपण आज मोजता ते 19 सेकंद त्या सैल होण्याचे आहेत. घेणारा तारा मात्र अंगावर येणाऱ्या द्रव्याच्या जाड चकतीत गुरफटलेला आहे. आपल्याला ती चकती कडेने दिसते, म्हणून आतला तारा झाकला जातो.

आता झोतांविषयी. हे झोत द्रव्य घेणाऱ्या ताऱ्याजवळून निघतात आणि तो तारा वजनदार असल्यामुळे जोडीच्या वस्तुमानकेंद्राच्या जवळ असतो, म्हणून तेथून सुटणारे द्रव्य फारच थोडा कोनीय संवेग सोबत नेते. दात्याने दिलेले सर्वच्या सर्व द्रव्य असे उडून जाते हे टोकाचे गृहीतक घेऊन मी हिशेब केला, तर दर 0.000021 ऐवजी 0.000018 आला. फरक जेमतेम 14 टक्के! थोडक्यात, दाता किती देतो हे आवर्तनकाल चांगले सांगतो. घेणारा त्यातले किती ठेवतो, याबद्दल तो जवळजवळ मुका आहे.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. म्हणजे द्रव्य कोठूनही सुटले तरी फरक पडत नाही, असे समजावे का?

प्रतिसाद :

नाही, कोठून सुटते यावरच सगळे अवलंबून आहे. द्रव्य हलक्या ताऱ्यामागच्या बाह्य लाग्रांज बिंदूतून (जोडीच्या गुरुत्वाच्या पकडीतून द्रव्य बाहेर निसटू शकते अशा जागेतून) ओघळून दोघांभोवती कडे करू लागले, तर ते वस्तुमानकेंद्रापासून लांब असल्यामुळे भरपूर कोनीय संवेग पळवते. आपल्याच आकड्यांनी पाहिले तर दिलेल्या द्रव्यापैकी निम्म्याच्या आसपास या वाटेने गेले की आवर्तनकालाची वाढ थांबते, त्याहून अधिक गेले तर तो घटू लागतो. तो वाढतो आहे, त्या अर्थी ही गळती तेवढी नाही. ताऱ्याचा सर्व दिशांना सुटणारा वेगवान वारा मात्र कक्षा किंचित रुंद करतो, पण तो परिणाम येथे गौण आहे: वर्षाला 0.00001 सौरवस्तुमान गेले तरी आवर्तनकाल दीड सेकंदानेच वाढेल.

अतिवजनदार जोड्यांत वाऱ्याचे महत्त्व वाढते. गॅमा वेलोरम हे आपल्या दक्षिण क्षितिजावर हिवाळ्यात दिसणारे उदाहरण, ज्यातील वुल्फ-रायेट ताऱ्याचे (जोरदार वारा सोडणाऱ्या अतितप्त ताऱ्याचे) हायड्रोजनचे आवरण निघून गेलेले आहे. सना आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ओ वर्गाच्या (सर्वांत तप्त आणि वजनदार) तारकांपैकी 70 टक्क्यांहून अधिकांची जोडीदाराशी अशी देवघेव होते, म्हणून एकाकी ताऱ्याच्या उत्क्रांतीचे तक्ते या तारकांना जसेच्या तसे लावू नयेत.

ग्रहणाची तारीख काढताना अलीकडची मूळ वेळ (जेथून मोजणी सुरू करायची ते ग्रहण) घ्या आणि वाढत्या आवर्तनकालामुळे येणारे, फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गाचे पद सूत्रात जरूर ठेवा. ते गाळल्यामुळेच आपली पहिल्या वर्षीची तारीख चुकली असावी.