रॉय कॅझेली : कामगिरीने मोठा की आरोळीने? (‘सीमारेषा’, ‘झेप’ आणि ‘जुनी पाने’ या टोपणनावांनी झालेली चर्चा)

सीमारेषा
ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातानेही खेळता येणारा तिथला वेगळा खेळ, याचा हॉल ऑफ फेम 1996 मध्ये सुरू झाला, तेव्हा ‘लेजंड’ या सर्वोच्च मानासाठी निवडलेल्या पहिल्या 12 खेळाडूंत रॉय कॅझेली होता. माझ्या मते त्याला तेथवर नेले ते खेळापेक्षा ‘अप देअर, कॅझेली!’ (‘वर जा, कॅझेली!’) या आरोळीने. 1911 ते 1927 दरम्यान तो व्हिक्टोरियन लीगमध्ये सेंट किल्डा आणि साउथ मेलबर्न यांच्याकडून प्रत्येकी 99 सामने खेळला, पण विजेतेपद एकही मिळाले नाही. 1913 च्या अंतिम सामन्यात सेंट किल्डा फिट्झरॉयकडून 13 गुणांनी हरला. त्याचाच समकालीन, कॉलिंगवूडचा डिक ली, याने 230 सामन्यांत 707 गोल केले, 1910, 1917 आणि 1919 ची विजेतेपदे मिळवली, आणि तरीही त्या बारा जणांत त्याला स्थान नव्हते.

झेप
ही तुलनाच मला गैरलागू वाटते. ली गोलपुढचा खेळाडू, त्यामुळे त्याचे काम धावफलकावर आपोआप नोंदले जाई. कॅझेली होता रकमन, म्हणजे हवेत उडालेल्या चेंडूवर झेपावून तो आपल्या गड्याकडे वळवणारा. त्या काळी या कामाचा हिशेब कोणी ठेवत नसे. उंची जेमतेम 5 फूट 11 इंच असूनही, टांगलेल्या चेंडूवर उड्या मारण्याचा सराव करून आणि उडताना श्वास रोखून, तो आपल्याहून उंच गड्यांच्या वर पोहोचत असे. आरोळीचे म्हणाल, तर ती मुळात प्रेक्षकांची नव्हेच. साउथ मेलबर्नचा फ्रेड फ्लायटर प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरी आणि ओरडून कॅझेलीला वर पाठवी. चेंडू खाली आला की चपळ मार्क टँडी तो घेऊन पळे. ज्याला आपण निव्वळ प्रसिद्धी म्हणता, ती या तिघांच्या डावपेचातली सूचना होती.

सीमारेषा
डावपेच मान्य, पण आकडे नाहीत म्हणून मोठेपण गृहीत धरायचे, हा न्याय अजब आहे. त्या बारांतल्या, साउथ मेलबर्नच्याच बॉब स्किल्टनलाही विजेतेपद मिळाले नाही, परंतु त्याच्याकडे तीन ब्राउनलो पदके, म्हणजे लीगमधील हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूची पदके, आहेत.

जुनी पाने
ब्राउनलो पदक 1924 मध्ये सुरू झाले आणि तेव्हा कॅझेली 31 वर्षांचा होता, हे आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवता. शिवाय दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी त्याच्या नावाने आरोळी ठोकली ती त्याने ही लीग सोडून बारा-तेरा वर्षे उलटल्यावर, आणि त्या आरोळीवरचे 1979 चे गाणे तर त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी आले. मधल्या काळात लोकांनी त्याला विनाकारण लक्षात ठेवले असेल, हे पटत नाही. लीवर अन्याय झाला, हे मात्र मलाही मान्य आहे. त्यासाठी कॅझेलीला खाली खेचण्याची गरज नाही.

सीमारेषा
जागा बाराच होत्या. लीला आत घ्यायचे, तर कोणाला तरी बाहेर ठेवावेच लागले असते, आणि माझ्या यादीत तो कॅझेलीच असता.