झाकण उघडलं तेव्हा: पीसी, गेम आणि आपापले अनुभव

गेल्या रविवारी लेकाचा पीसी खेळता खेळता बंद पडायला लागला. व्हॅलरंट सुरू केला की दहा मिनिटांत पडदा काळा. त्याचं निदान तयारच होतं, "बाबा, ग्राफिक कार्ड जुनं झालंय." म्हणजे तीस हजारांना चाट. म्हटलं, आधी झाकण तरी उघडू. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीची गोधडी. चिमटीत धरून उचलली तर अख्खी सुटून आली, पंख्याच्या आकाराची, गोल, करडी, आणि तिच्यात आमच्या मांजराचे केस. मग रंगकामाचा एक इंची ब्रश घेतला. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. तासाभराचं काम. खेळताना प्रोसेसर ९७ अंशांवर जायचा, तो आता ७२ वर थांबतो. लेक अजून रुसलेलाच आहे, कारण नवीन कार्ड हुकलं.

तर तुम्ही झाकण उघडलं तेव्हा आत काय सापडलं? काय जमलं, काय फसलं, कुणी कसं गंडवलं? फक्त स्वतःचा अनुभव लिहा. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव घेऊन शिव्या नकोत, त्या मनातल्या मनात द्या.

पुण्याहून

२००४ सालचा पेंटियम फोर, रॅम २५६ एमबी. दर दोन महिन्यांनी मशीन सुरूच व्हायचं नाही, नुसतं लांब लांब बीप बीप. कॉम्प्युटरवाले काका यायचे, "बाळा, जरा पाणी आण" म्हणायचे, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत मशीन चालू! फी २५० रुपये. पाचव्या-सहाव्या वेळी मी पाणी आधीच भरून दाराआड ठेवलं आणि लगेच परत आलो. काकांच्या एका हातात रॅम, दुसऱ्या हातात माझ्याच कंपासपेटीतला खोडरबर. रॅमच्या सोनेरी दातांवर ते मन लावून घासत होते. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आता तुला आलं. पुढच्या वेळी बोलावू नकोस." खरंच बोलावलं नाही. दातांवर मळ धरतो, तो निघाला की संपर्क नीट होतो, एवढंच त्यातलं गुपित. मला तर वाटतं की काढून पुन्हा घट्ट बसवण्यानेच निम्मं काम होतं, रबर नुसता तोंडी लावायला.

मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवर रिपेअरिंग करणारा

वरच्या काकांना नमस्कार, आमच्या धंद्याचं गुपित फोडलंत. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला की दुसरं दुखणं सुरू होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या, काम भागतं.

धूळ काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्थिर वीज धरते. ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्याला बोट लावून ठेवा. पातं भिंगरीसारखं फिरलेलं बघायला मजा येते, पण बेअरिंगची वाट लागते. आणि एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, झाकण घरी उघडायचं नाही म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहू शकतात. बाकी सगळं उघडा, आमची ना नाही. तुम्ही उघडता म्हणूनच आमच्याकडे येतं.

कुडाळहून

आमच्याकडे धूळ नाही, दमट हवा. आणि पाहुणे. कार्ड काढल्यावर मागची पट्टी परत लावायचा मी कंटाळा केला होता, त्या फटीतून एक पाल आत राहायला गेली. ऊब मिळाली असणार बिचारीला. एके दिवशी आजी म्हणाली, "रे, त्या डब्यात कायतरी जळता हा." मी म्हटलं उदबत्ती असेल. नव्हती. एसएमपीएस गेला आणि पालही गेली. नवा एसएमपीएस आणला आणि आठ आण्यांच्या किमतीची ती पत्र्याची पट्टी आधी लावली.

पावसाळ्यात मी काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवतो. चार दिवस गावाला जाऊन आलो की कीबोर्डवर बुरशी असते, आत काय असेल ते देव जाणे.

सांगलीहून, डीटीपीचं दुकान

माझ्या दुकानात आजही एक विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याचा सपोर्ट बंद केला, पण माझा संसार त्यावर आहे. जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली, जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतं, तो पोर्ट नव्या मशीनला येत नाही. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया विधी, अहवाल, सगळं त्या जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये फिरवलं तर रफार कुठे जाऊन बसतो ते विचारू नका. पत्रिकेत 'आशीर्वाद' बिघडला तर आशीर्वाद मिळणं राहिलं बाजूला. म्हणून ते मशीन नेटला जोडलेलं नाही आणि कुणाचा पेनड्राइव्हही त्याला थेट लागत नाही. पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासायचा, मगच फाइल पुढे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गल्लीत आली. आदल्या रात्री सगळे म्हणत होते, २००५ ला इथपर्यंत आलं नव्हतं. पहाटे पायरीवर पाणी. मी मॉनिटर सोडला, प्रिंटर सोडला, कागदाची रिमं सोडली. कॅबिनेट डोक्यावर आणि डोंगल शर्टाच्या खिशात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गव्हाच्या डब्यावर जागा करून दिली. आठवड्याने खाली उतरलो तर प्रिंटर उघडा पडलेला, त्यात चिखलाची वडी. मॉनिटरच्या मागच्या जाळीतून गाळ गळत होता.

तेव्हापासून त्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढतो, दर अमावास्येला. तारीख लक्षात राहत नाही, अमावास्या राहते. एक प्रत दुकानात, एक मिरजेला मेव्हण्याकडे. लोक म्हणतात, बॅकअप क्लाउडवर ठेवा. ठेवतोही. पण एक्सपी जसाच्या तसा उभा करायचा तर ती डिस्कच लागते. जुनं मशीन सांभाळतो म्हणून मला कुणी मागासलेला म्हणू नये, मी त्याला गाईसारखं पाळतो.

नाशिकहून, वय ७१

मी गेम म्हणजे फक्त पत्ते खेळते, सॉलिटेअर. पण गंडवण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. रात्री मेन स्विच बंद करायची मला सवय. सकाळी कॉम्प्युटर लावला की तारीख २००९ च्या जानेवारीवर गेलेली आणि बँकेचं पान उघडेना, 'तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही'. मला वाटलं, कुणी पैसे लंपास केले. रिपेअरिंगला घरी आलेला मुलगा म्हणाला, "आजी, मदरबोर्ड गेला, सहा हजार होतील." सुट्टीत नात आली. तिने झाकण उघडून रुपयाएवढा एक सेल दाखवला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळाला. मशीनची वीज तुटली की आतलं घड्याळ म्हणे त्याच सेलवर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं.

जुना सेल मी देवघरातल्या डबीत ठेवलाय. तो मुलगा परत आला की दाखवणार आहे.

अकोल्याहून

तुम्ही धुळीचं, पुराचं सांगून राहिले. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, तं कॅबिनेटच्या आत काय असंन! पण माझा किस्सा वेगळा. कॅबिनेटला हात लावला की झणझण व्हायची. अनवाणी असलो की जास्त. मित्र म्हणे, रबरी चप्पल घालून खेळ. वर्षभर मी चप्पल घालून पबजी खेळलो. मग वायरमनले बोलावलं. त्यानं बोर्ड खोलला अन् हसलाच. तीन छिद्रांचा सॉकेट, पण तिसऱ्या छिद्राला मागून तारच नाही! एसएमपीएसच्या आत वीज गाळायचे जे कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट पत्र्यावर येतच असतो. तो जमिनीत जायची वाटच नव्हती, म्हणून माझ्यातून जायचा. मागच्या अंगणात खड्डा, कोळसा, मीठ, अर्थिंगची प्लेट असा सगळा कारभार केला. आता माय उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी टाकते, तुळशीले टाकते तसं.

हिंजवडीहून

माझं लिहायला लाज वाटते, पण धागा तसाच आहे. पहिल्या बोनसमध्ये १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतला. रूमवरच्या सगळ्यांना बोलावून दाखवला, "बघ किती स्मूद!" सगळे म्हणाले, हो ना भाऊ, फरक आहे. अकरा महिन्यांनी एका ज्युनिअरने डिस्प्ले सेटिंग उघडलं. तिथे ६०. नवीन मॉनिटर लावला म्हणजे विंडोज आपोआप १४४ वर जाईलच असं नाही, ते आपण निवडावं लागतं. अकरा महिने आम्ही पाच जण नसलेला फरक बघत होतो.

थांबा, अजून आहे. त्याच ज्युनिअरने केबल कुठे लावली आहे ते बघितलं. मदरबोर्डच्या पोर्टला. म्हणजे मी आणलेलं ग्राफिक कार्ड आत नुसतं शोभेला आणि मॉनिटर प्रोसेसरमधल्या फुकटच्या ग्राफिक्सवर. केबल एक वीत खाली सरकवली आणि गेम तिप्पट वेगाने पळायला लागला. ज्युनिअरला मिसळ खिलवली आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. आता मीच इथे लिहितोय.

धागाकर्ता

हिंजवडी, हे लेकाला वाचून दाखवलं. तो गुपचूप उठून आपल्या पीसीमागे वाकला. केबल बरोबर होती म्हणे.

म्युनिकहून, मूळची साताऱ्याची

बाबांचं मशीन तिसऱ्या पिढीच्या आय फाइव्हचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. "चांगलं चालणारं मशीन भंगारात का घालायचं?" हा त्यांचा प्रश्न, आणि मला उत्तर नव्हतं. दिवाळीत घरी आले, हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी लावली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम. पूर्वी चहा ठेवायचा, मग बटण दाबायचं आणि चहा गाळून झाला की डेस्कटॉप दिसायचा असा शिरस्ता होता. आता आधण यायच्या आत मशीन तयार, म्हणून बाबा म्हणाले, "काहीतरी राहिलंय सुरू व्हायचं."

इथे मात्र मी स्वतःच्या मशीनला हात लावायच्या आधी अंगावरची स्थिर वीज उतरवायला रेडिएटरच्या नळीला हात लावते. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की लोकरी स्वेटर काढला की ठिणगी दिसते. एक रॅम अशीच घालवली असावी असा संशय आहे, पुरावा नाही.

कोल्हापुरातून

मी काही उघडत नाही, मला फक्त कीबोर्डचं माहीत आहे. ईए स्पोर्ट्सचं क्रिकेट ०७ भावाबरोबर खेळायचो. एकच कीबोर्ड, दोघांना अर्धा अर्धा. स्वस्तातल्या कीबोर्डला ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबल्या की पुढची कळ कळतच नाही, हे मला नववीत कळलं. भाऊ बॅटिंगला आला की मी आपल्या बाजूच्या दोन-तीन कळा नुसत्या दाबून धरायचो. त्याचा फटका लागायचाच नाही. तो कीबोर्ड आपटायचा, उलटा करून झाडायचा, एकदा तर धुऊन उन्हात वाळवला. दोन वर्षं मी सलग जिंकलो. अजून त्याला सांगितलेलं नाही.

कोल्हापुरातूनच

वाचतोय. रविवारी घरी ये.