मदत हवी आहे: चंद्राच्या विरुद्ध बाजूला भरती का येते, हे मुलांना कसं दाखवू?

आठवीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवतेय. चंद्राकडच्या बाजूची भरती त्यांना लगेच पटते. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा का येते, तेही कळलंय: पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची (सर्वांत लहान) भरती यांतही अडचण नाही.

गाडी अडते ती विरुद्ध बाजूच्या फुगवट्यावर. "चंद्र तर इकडे ओढतोय, मग तिकडचं पाणी का वर येतं?" प्रश्न रास्तच आहे!

आधी केंद्रोत्सारी प्रेरणा (फिरताना बाहेर ढकलल्यासारखं वाटतं ती) सांगितली. त्यावर एकाने विचारलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणूनच ना? मग विषुववृत्तावर सगळीकडेच पाणी का फुगत नाही? मी गप्प. मग ओढीतल्या फरकाने समजावलं: जवळच्या पाण्यावर ओढ सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर कमी, पलीकडच्या पाण्यावर आणखी कमी, म्हणून ते मागे राहतं. माना डोलल्या, पण "मागे राहतं" म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येत नाही. चेंडू-टॉर्चने चंद्रकला छान दाखवता आल्या, इथे त्यांचा उपयोग नाही.

सूत्रं नकोत, व्हिडिओची सोय नाही, हातात 35 मिनिटं. दोरी, रबर, चेंडू असलं साहित्य मिळेल.

पृथ्वी-चंद्राचा सामाईक गुरुत्वमध्य पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे 4,670 किमीवर आहे, हे ठाऊक आहे. त्याभोवतीच्या फिरण्यातून आलेली केंद्रोत्सारी प्रेरणा आणि ओढीतला फरक ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत, की एक सोडून द्यावं? आणि हा दुसरा फुगवटा हाताने करून दाखवता येईल असा प्रयोग कुणी केलाय का?