नवशिक्याची पहिली मिडरेंज: सरळ जाणारीच घ्या, ‘सोपी’ नको

तिरकी_फेक (धागाकर्ता)

डिस्क गोल्फ (चकती फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) नुकतंच सुरू केलेल्या एकाने परवा मिड, म्हणजे जवळच्या पटर आणि लांबच्या ड्रायव्हर यांच्या मधल्या डिस्कबद्दल विचारलं, “मिड एकच घ्यायची आहे, कोणती घेऊ?” आजूबाजूच्या चारपैकी तिघांनी एकसुरात सांगितलं, “अंडरस्टेबल घे, सोपी जाते.” मी गप्प बसलो, घरी आलो आणि रात्रभर डोक्यात तेच. म्हणून हा धागा. पटत नसेल तर बिनधास्त हाणा.

आकड्यांची भाषा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड (तरंगणं), टर्न आणि फेड. उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी टर्न जितका उणे, तितकी डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकते, म्हणजेच तितकी अंडरस्टेबल. फेड जितका जास्त, तितकी वेग ओसरल्यावर डावीकडे पडते; डावीकडेच ओढ असलेली ती ओव्हरस्टेबल. मिड साधारण ४ ते ५ स्पीडच्या असतात.

माझं म्हणणं असं की पहिली मिड बझ्झसारखी (५/४/-१/१), हेक्ससारखी (५/५/-१/१) किंवा माको३ सारखी (५/५/०/०) असावी. म्हणजे नीट फेकली तर सरळ, आणि वाकडी फेकली तर वाकडीच. स्टिंगरे (४/५/-३/१) किंवा टुर्सास (५/५/-३/१) दिली की नवा माणूस ती डावीकडे कलती सोडतो, ती आपणहून सपाट होते, दोन टाळ्या पडतात. सहा महिन्यांनी तो दुसरी डिस्क हातात घेतो आणि तेव्हा त्याला कळतं की आपल्याला सपाट सोडताच येत नाही.

झुडुपवासी

सहा महिन्यांनी कळू दे की! आधी सहा महिने टिकला तर पाहिजे ना माणूस.

तुम्ही विसरलात बहुतेक, पहिल्या महिन्यात हातात काय जोर असतो. डिस्कवरचा तो उणे १ टर्न दिसायला एक ठरावीक वेग लागतो. नवशिक्याच्या हातून बझ्झ निघते, वीस मीटर सरळ जाते आणि डावीकडे लोळण घेते. पुन्हा फेक, पुन्हा डावीकडे. चौथ्या होलला तो मोबाईल बघत बसतो. हळू हातात प्रत्येक डिस्क आकड्यापेक्षा जास्त ओव्हरस्टेबल वागते, म्हणून त्याच्यासाठी -३ म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी -१. तो सरळच डिस्क वापरतोय, फक्त त्याच्या वेगाची सरळ!

माझं नाव झुडुपवासी का आहे ते विचारू नका. पहिली मिड रॉक३ होती.

जुना_रॉक

रॉकला नावं ठेवू नका. रॉक (४/४/०/३) घेऊन शिकलेल्यांची अख्खी पिढी आहे. तेव्हा ना हे आकडे होते, ना व्हिडिओ. डिस्क डावीकडे पडायची, पडू द्यायची, उजवीकडून धरून मारायची. कुठे पडणार ते ठाऊक असणं याला किंमत आहे. अंडरस्टेबल डिस्क वारा समोरून आला की पाठीवर उलटते आणि पतंगासारखी भलतीकडे जाते.

तिरकी_फेक

झुडुपवासी, वेगाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक सांगा, नवशिक्याची डिस्क डावीकडे पडते ती खरंच वेग नाही म्हणून? मी गेल्या काही महिन्यांत बरेच नवे लोक बघितले. दहातल्या सातांचं नाक वर असतं. (हा माझा अंदाज, मोजून पाहिलेलं नाही.) पुढची कड वर करून सोडली की डिस्क चढते, हवेत अडते आणि डावीकडे कोसळते. अशा फेकीला -३ ची डिस्क दिली तरी ती चढणार, अडणार आणि कोसळणारच. थोडी उशिरा कोसळेल इतकंच. दुखणं मनगटात आणि औषध पिशवीत.

जुना_रॉक, आदर आहे, पण फेड ३ असलेल्या डिस्कने नवा माणूस शिकतो काय, तर सगळ्या फेकी डावीकडे जातात. चांगली फेकही डावीकडे, वाईटही डावीकडे. फरक कळणार कसा?

मापात_पाप

डिस्क मुळात का वळते, हे कुणीच सांगत नाहीये, म्हणून माझी नेहमीची लुडबूड.

उजव्या हाताचा बॅकहँड म्हणजे वरून पाहता डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेच्या उचलीचा केंद्रबिंदू डिस्कच्या मध्यापेक्षा मागे सरकतो, म्हणजे नाक खाली ढकललं जातं. पण गरगर फिरणारी वस्तू ढकलल्या जागी झुकत नाही, फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे झुकते. म्हणून नाकाऐवजी उजवी कड खाली जाते. तोच टर्न. वेग उतरला की केंद्रबिंदू पुढे येतो, नाक वर ढकललं जातं आणि डावी कड खाली. तो फेड. अंडरस्टेबल डिस्कची कड अशी घडवलेली असते की ही अदलाबदल उशिरा, म्हणजे कमी वेगाला होते.

आता यात फिरकी कुठे आली? फिरकी जितकी जास्त, तितकी ही झुकण्याची क्रिया सावकाश. नवशिक्याकडे वेगही कमी आणि फिरकी त्याहून कमी. शिवाय डिस्क डगमगत निघते. डगमगणारी अंडरस्टेबल डिस्क एखाद्या दिवशी उजवीकडे पार जमिनीत घुसेल आणि त्याच हातून दुसऱ्या दिवशी डावीकडे पडेल. त्यामुळे माझं मत धागाकर्त्याच्या बाजूला, पण कारण वेगळं: -३ च्या डिस्कचं उत्तर दर फेकीला बदलतं.

दुसरं, ते आकडे कंपन्या स्वतःच छापतात. पीडीजीए (डिस्क गोल्फची व्यावसायिक संघटना) डिस्कला मान्यता देते ती व्यास, वजन, कडेची रुंदी, लवचिकता वगैरे मोजून. उड्डाणाचे आकडे ती तपासत नाही. एका कंपनीचा -१ आणि दुसरीचा -१ सख्खे भाऊ असतीलच असं नाही.

पटर_पुरे

नाव वाचलंत ना? मग माझं उत्तर आलंच लक्षात.

मिड हवीच कशाला? १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हला या खेळाचं पहिलं कायमचं मैदान झालं तेव्हा मिडरेंज हा प्रकारच नव्हता, लोक जाड कडेच्या फ्रिस्बी फेकत. तिरक्या कडेची ईगल डिस्क आली ती १९८३ मध्ये. एव्हियर पटर (२/३/०/१) घ्या, सुरुवातीच्या टीवरून तीच, मधून तीच, बास्केटजवळ तीच. नवशिक्याच्या हातात पटर आणि मिड यांत अंतराचा फरक आठ-दहा पावलांचा असतो. आणि चूक दाखवण्यात पटरचा हात कुणी धरणार नाही. तिरकी_फेक, तुमच्याच तर्काने चाललो तर तुम्हाला माझ्याकडे यावं लागतं.

झुडुपवासी

घ्या! आता पुढचा येईल आणि म्हणेल, ताटली फेका.

तिरकी_फेक

पटर_पुरे, तुम्ही मला कोपऱ्यात गाठलंत हे खरं. पण पटरची कड जाड आणि बोथट, ती धरायची पकड वेगळी. मिडची पकड पुढे ड्रायव्हरला कामी येते. आणि प्रश्न ‘मिड कोणती’ असा होता, ‘घेऊ का’ असा नव्हता. (ही पळवाट आहे, मला माहीत आहे.)

डावखुरी

सगळेजण उजवा बॅकहँड धरून बोलताय. माझ्यासाठी वरचं सगळं आरशात बघायचं. फोरहँड टाकणाऱ्या उजव्यांसाठीही तसंच.

गंमत म्हणजे फोरहँडने सुरुवात करणारे बरेच असतात, पाण्यावर दगडाच्या भाकऱ्या काढायची सवय असलेले. त्यांच्या मनगटाचा झटका जोरदार आणि कोन वेडावाकडा. त्यांना -३ ची डिस्क म्हणजे शिक्षा, सोडल्या सोडल्या उलटते. माझ्या भावाने पहिले दोन दिवस फक्त जमिनीवर चाकासारखी पळणारी डिस्क बघितली. त्याच्यासाठी जुना_रॉक यांचं बरोबर आहे, फेड असलेली मिड त्याच्या हातात सरळ गेली असती. तेव्हा “नवशिक्याला अमुक” म्हणण्याआधी तो फेकतो कसा, ते बघा.

जुना_रॉक

धन्यवाद. निदान एकाला तरी पटलं.

नवा_गडी

नमस्कार. तो परवा विचारणारा मीच. 🙂 सगळं दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून बझ्झ घ्यायचं ठरवलं, दुसऱ्यांदा वाचून काहीच ठरेना.

दोन बारीक प्रश्न. एकाच डिस्कचे १५० ग्रॅमपासून १८० पर्यंत प्रकार दिसतात, कोणतं वजन? आणि प्लॅस्टिक साधं की महागातलं?

मापात_पाप

वजनाला वरची मर्यादा आहे: व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम, आणि काही झालं तरी २०० च्या आत. मिडचा व्यास साधारण २१.७ सेंटीमीटर, त्याला ८.३ ने गुणा, १८० येतात. म्हणून मिडवर १८० छापलेलं दिसतं. जड म्हणजे मोठ्यांची आणि हलकी म्हणजे लहान मुलांची, असं काही नाही. हलकी डिस्क कमी जोरात पटकन वेग घेते, पण वाऱ्यात भिरभिरते. मोठ्या माणसाने १६५ ते १७५ मध्ये कुठेही घ्यावी. १७२ की १७४ यावर वाद घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, मी धरून.

झुडुपवासी

प्लॅस्टिकबाबत मी बोलतो, झाडांवर आपटण्याचा अनुभव दांडगा आहे.

साधं प्लॅस्टिक (डीएक्स, प्रो-डी वगैरे) हाताला चिकटून बसतं, पकड छान मिळते. झाडावर आपटून आपटून कडेला टवके जातात आणि डिस्क हळूहळू अंडरस्टेबल होत जाते. महागातलं (चॅम्पियन, झेड) वर्षानुवर्षं टिकतं, पण नवीन असताना बहुधा थोडं जास्त ओव्हरस्टेबल असतं आणि थंडीत हातातून साबणासारखं निसटतं.

आता गंमत बघा. तिरकी_फेक यांच्या सल्ल्याने बझ्झ घेतली, साध्या प्लॅस्टिकमध्ये घेतली आणि माझ्यासारखी झाडांवर मारली, तर दोन-तीन महिन्यांत ती माझ्या बाजूला येते! म्हणजे अंडरस्टेबल होते. तोवर नवा_गडीचा हातही थोडा तयार झालेला असेल. इतकं मान्य करतो.

आणि रंग! हिरवी घेऊ नका, तपकिरी घेऊ नका. गुलाबी घ्या, लाज वाटली तरी. गवतात अर्धा तास शोधण्यापेक्षा लाज बरी.

तिरकी_फेक

रंगाबाबत एकमत. नोंद करून ठेवा, पुन्हा होणार नाही.

प्लॅस्टिकबाबतही तुमचंच खरं. मी स्वतः झेडमधली घेऊन बसलो होतो आणि हिवाळाभर ती हातातून लवकर सुटायची. दोष मी डिस्कच्या साच्याला देत राहिलो.

नवा_गडी, घेण्याआधी एक करा. कुणाकडून तरी उसनी एक सरळ मिड आणि एक -३ वाली मिळवा. मोकळ्या मैदानावर, वारा नसताना, प्रत्येकी दहा-दहा फेका. जोर लावू नका, साठ-सत्तर टक्के पुरे. पावलंही घेऊ नका, जागेवरून. कुठे पडल्या त्यापेक्षा *कशा* पडल्या ते इथे लिहा.

पटर_पुरे

आणि एक पटरही न्या. कुणाला सांगू नका.

नवा_गडी

आज सकाळी जाऊन आलो. बझ्झ आणि स्टिंगरे मिळाल्या, वारा जवळपास नव्हता.

बझ्झ: दहापैकी आठ डावीकडे. दोन सरळ गेल्या, त्यातली एक चक्क पन्नासेक मीटर, मलाच विश्वास बसेना. स्टिंगरे: सहा डावीकडे, एक सरळ, तीन उजवीकडे, त्यातली एक जमिनीवर पडून चाकासारखी लांब पळाली. झुडुपवासी, सरळ गेलेली ती एक खरंच सुंदर गेली, लांब तरंगत. तुमचं म्हणणं तेव्हा पटलं. पण ती परत जमवायला गेलो आणि पुढच्या तिन्ही उजवीकडच्या निघाल्या.

डावीकडच्या फेकींबद्दल: दोन्ही डिस्क आधी वर चढत होत्या, मग थांबल्यासारख्या होऊन खाली. बरोबरच्या मित्राने सांगितलं की बाजूने बघताना त्याला डिस्कचं पोट दिसत होतं.

(पटरही नेला होता. सगळ्यात जास्त सरळ तोच गेला. आता शिव्या घाला.)

पटर_पुरे

😌

झुडुपवासी

पोट दिसत होतं म्हणजे नाक वर. ठीक आहे, तिरकी_फेक, ही फेरी तुमची. पण त्या तरंगत गेलेल्या स्टिंगरेसाठी तो उद्या पुन्हा मैदानावर जाणार, बझ्झसाठी नाही, हे मी लिहून देतो.

तिरकी_फेक

कशासाठी का असेना, जाऊ दे. नवा_गडी, सोडताना मनगट थोडं खाली, घागरीतून पाणी ओतल्यासारखं, आणि हात छातीच्या रेषेत पुढे जाऊ द्या, वर नको. पुन्हा दहा फेका, पण आता फक्त बझ्झ. मित्राला परत बाजूलाच उभं करा.

नवा_गडी

संध्याकाळी परत गेलो. दहापैकी पाच सरळ. पोट दोनदाच दिसलं म्हणे.

बझ्झ घेतोय. साध्या प्लॅस्टिकची, १७२ ग्रॅम, गुलाबी.

मापात_पाप

१७४ घ्यायला हवी होती.