गच्चीवर बाग करायची आहे, पण खाली स्टिल्ट आहे. सल्ला हवा

मंडळी, पेचात सापडलोय. स्थापत्यातलं कोणी असेल तर मार्ग सुचवा.

घर दुमजली, नदीजवळ. पुराचं पाणी खालून निघून जावं म्हणून वडिलांनी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवला, म्हणजेच स्टिल्ट. आता तिथे गाड्या लागतात. उन्हाळ्यात रात्री अकरालाही स्लॅबची धग अंगावर येते. म्हणून हिने गच्चीभर १५ सेंमी माती टाकून बाग करायचं मनावर घेतलंय.

मी हिशेब मांडला आणि वेगळ्याच कारणाने घाम फुटला. ओली माती घनमीटरला १८०० किलो धरली तर चौरस मीटरमागे २७० किलो. आमचा १२ सेंमीचा स्लॅबच मुळात ३०० किलोचा! भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि खाली नुसते कॉलम. कंत्राटदार म्हणतो, "काही होत नाही साहेब, फार तर खाली दोन बाजूंना भिंती घाला." मग पुराचं पाणी कुठून जायचं?

घर थंडही व्हावं आणि पायही बळकट व्हावेत, असं काही आहे का?

प्रतिसाद १
दादा, बाग रद्द म्हणून वहिनींना सांगायला मी येणार नाही :) पण हिशेब बरोबर आहे. आधी पांढरा परावर्तक रंग लावा. नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतो, वजन नगण्य. धूळ बसली की गुण उतरतो, तेव्हा धुवायला हवा. कुंड्या मोजक्याच, त्याही कॉलमच्या डोक्यावर.

त्या दोन भिंती मात्र नकोत. लगतच्या दोन बाजू ताठ आणि बाकीच्या लवचीक झाल्या तर भूकंपात इमारत पिळवटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं आवरण चढवून तो बळकट करणं) किंवा दोन्ही दिशांना समतोल पोलादी ब्रेसिंगबद्दल (कॉलममधल्या तिरक्या आधारांबद्दल) विचारा. ब्रेसिंगमधून पाणी जातं; फक्त गंज सांभाळा. आणि गच्चीवरचं पाणी निघून जाण्याच्या जाळ्या बघितल्यात का? १० सेंमी पाणी तुंबलं तरी चौरस मीटरला १०० किलो होतात.

मूळ धागाकर्ता
आत्ताच बघून आलो, दोनपैकी एक जाळी पानांनी गच्च. काढली. कॉलमचे नकाशे सापडत नाहीत, तोडफोड न करता सळ्या कळतील का?

प्रतिसाद १
रिबार लोकेटरने (काँक्रीटमधल्या सळ्या बाहेरून शोधणारं यंत्र) जागा आणि अंतर कळतं, व्यासाचा अंदाजच. एखाद-दुसऱ्या ठिकाणी कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, फोडून खात्री करावीच लागेल.